चाकापर्यंत जाणारी नळी

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग मोटार जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहे. तिची यंत्रसामग्री अमेरिकेची व बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग यांची. तिच्या नारिंगी-काळ्या रूपाचे वर्णन पुष्कळांनी केले. परंतु, श्रोतेहो, एवढी वेगवान व अवजड गाडी थांबे कशी, हे क्वचितच कोणी विचारतो. याच कंपनीने १९२१ साली आपल्या ‘मॉडेल ए’ गाडीच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक बसवून ती बाजारात आणली होती.

बंद नळीतील द्रवावर एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तसाच पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धांत जुनाच. अडचण होती ती पुढच्या चाकांची. मागचे चाक वरखाली हालते. पुढचे मात्र वरखालीही हालते व वळतेही. तेथवर ताठ लोखंडी नळी नेली तर ती मोडणार. ड्यूसेनबर्गने द्रव पोकळ आसातून आणि चाक ज्या खुंट्यांवर वळते त्यांतून नेला. युक्ती कौतुकास्पद, पण खर्चिक. माल्कम लॉकहीड याने १९१७ साली द्रवचालित ब्रेकचे पेटंट घेतले होते. (विमानांमुळे प्रसिद्ध झालेला ॲलन लॉकहीड हा त्याचाच भाऊ.) आरंभी चामड्याच्या वाट्यांतून द्रव पाझरे. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत रबरी वाट्या आल्या आणि हा ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या भरवशाचा झाला. आणि चाकापर्यंतचा शेवटचा हातभर मार्ग अखेर लवचिक रबरी नळीकडेच आला.

हेन्री फोर्ड यांचा या नळीवर विश्वास नव्हता. पेडलापासून चाकापर्यंत पोलादच असावे, अशी त्यांच्या कंपनीची जाहिरात असे. १९३८ पर्यंत त्यांच्या गाड्या सळ्या व तारांवरच थांबत. १९३९ मध्ये त्यांनी हट्ट सोडला. कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी मग हेच नवे ब्रेक १९३२ च्या जुन्या फोर्ड गाड्यांना जोडले. फेरफार केलेल्या गाड्यांची जी परंपरा आज जगभर पसरली आहे, तिचे हे एक मूळ होय.

पुढे डिस्क ब्रेक आले. कल्पना लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याची, १९०२ मधील. तिला कीर्ती लाभली १९५३ साली, ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली तेव्हा. १९५५ च्या सित्रोएन डीएस गाडीने पुढच्या तबकड्या चाकांजवळ न ठेवता गिअरपेटीलगत ठेवल्या. तेथे वळणाऱ्या नळीचा प्रश्नच उरला नाही. इतरांना मात्र नळी हवीच होती, आणि तिच्यावरचा भारही वाढला होता. जुन्या ड्रम-ब्रेकात फिरते चाक स्वतःच पट्टा आत ओढून घेते व चालकाचे काम हलके करते. तबकडी अशी मदत करीत नाही. म्हणून नळीतील दाब अधिक लागतो.

होळकरांच्या गाडीसारख्या ऐतिहासिक वस्तूचे ब्रेक बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु हौसेने घडविलेल्या जुन्या गाडीला कोणी पुढे डिस्क ब्रेक बसवू लागला, तर खरा धोका कोठे आहे हे त्याने ओळखावे. जुन्या सांगाड्यावर नव्या नळीसाठी जागा नसते. मिस्त्री ती तारेने बांधतो किंवा लोंबती ठेवतो आणि गाडी चालू लागते. पूर्वीच्या गाड्यांत चारही चाकांना द्रवाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक जात. अमेरिकेत १९६८ पासून दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले, पण त्याआधीच्या गाडीत ते आपोआप येत नाहीत.

म्हणून सांगाड्यावर जाड पत्र्याचा आधार घट्ट बसवावा, नळीचे टोक त्यात अडकवून क्लिपने जखडावे. चाकाकडील टोक आधी कॅलिपरला जोडावे व तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घ्यावेत. सांगाड्याकडील नट आवळताना नळीचे टोक दुसऱ्या पान्याने धरावे, नाहीतर नळीला पीळ बसतो. पुष्कळ नळ्यांवर लांबीभर रेघा असतात, त्या शोभेसाठी नव्हेत. रेघ फिरलेली दिसली की पीळ पडला असे समजावे. कॅलिपर सोडून ठेवताना नळीवर लोंबकळू देऊ नये. बाहेरून धड दिसणारी नळी आतून फाटते. मग पेडल सोडले तरी द्रव परतत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

अखेरीस चाक एका बाजूस पूर्ण वळवावे, मग दुसऱ्या बाजूस. स्प्रिंग दबलेली असताना आणि चाक खाली लोंबत असताना, दोन्ही प्रकारे. या चारही स्थितींत नळी ताणली जाता कामा नये, की टायरला वा स्प्रिंगला घासता कामा नये. अमेरिकन नियमानुसार नमुन्याची नळी यंत्रावर सतत ३५ तास वाकवून पाहतात, तेव्हा कोठे ती विक्रीस योग्य ठरते. पण टायरशी घासणाऱ्या नळीला ती परीक्षा उपयोगी पडत नाही. नंतर द्रवातील हवा काढून एकाने पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने दिवा घेऊन प्रत्येक जोड कोरडा आहे ना, हे पाहावे.