होय, नाहीं आणि मधला दुभाष्या

इ. स. १८५४ मध्यें जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञानें विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळीं तो आयर्लंडांतील कॉर्क येथें प्राध्यापक होता. १ आणि ० एवढीं दोनच मूल्यें घेऊन तर्कशास्त्राचें गणित मांडतां येतें, हें त्यानें दाखविलें. पुढें १९३७ मध्यें क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानें विजेच्या मंडलांना तेंच गणित लावलें, आणि संगणकाच्या रचनेला त्याचा आधार मिळाला.

ज्या कल्पनेवर सारें यंत्र उभें, तिला डेटाबेसच्या भाषेंत मात्र फार उशिरा जागा मिळाली. एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें कोष्टकरूप माहितीची उपपत्ति मांडली; एसक्यूएल भाषेचें पहिलें प्रमाण १९८६ मध्यें ठरलें; परंतु 'बूलियन' हा प्रकार त्या प्रमाणांत आला तो १९९९ सालीं. तोंपर्यंत ज्यानें त्यानें आपापली सोय पाहिली. कोणी 'वाय' व 'एन' हीं अक्षरें लिहिलीं, कोणी 'टी' व 'एफ', तर कोणी १ व ०. मायएसक्यूएलमध्यें बूलियन म्हणजे एक लहानसा पूर्णांकच होय. ओरॅकलच्या कोष्टकांना तर हा प्रकार २०२३ पर्यंत ठाऊकच नव्हता.

डेटाबेस आणि आज्ञावली यांच्या मधोमध बसणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. एका घरचें 'होय' दुसऱ्या घरीं 'होय' म्हणूनच पोंचविणें, हें त्याचें काम. तें दिसतें तितकें सोपें नाहीं. पोस्टग्रेस मजकूररूपानें उत्तर देतांना 'टी' किंवा 'एफ' हें एकच अक्षर पाठवितो. पीएचपी भाषेच्या जुन्या फंक्शनांतून तें अक्षर जसेंच्या तसें हातीं येतें. त्या भाषेंत रिकामा मजकूर आणि '०' एवढेच मजकूर असत्य. बाकी सारे सत्य. अर्थात् 'एफ' हा नकारहि तेथें होकार ठरतो! उलट मायएसक्यूएलमध्यें 'ट्रू' हा मजकूर संख्या म्हणून वाचला, तर त्याचें शून्य होतें आणि होकाराचा नकार होतो. रुग्णानें शस्त्रक्रियेला संमति नाकारली असेल, तर एवढ्याशा अक्षराचें मोल काय, हें सांगावयास नको.

तिसरें उत्तर म्हणजे मौन. रकाना भरलाच नसेल, तर त्याला 'नल' म्हणतात. १९९७ पासून जावा भाषेबरोबर आलेल्या जेडीबीसींत बूलियन मागितलें असतां नलचेंहि 'असत्य' होतें; खरा नकार होता कीं मौन, हें पुन्हां वेगळें विचारावें लागतें.

यावर उपाय निघाला तो साधाच. पोस्टग्रेस उत्तराबरोबर त्याच्या प्रकाराचा क्रमांकहि पाठवितो; बूलियनचा क्रमांक १६. जाणता ड्रायव्हर आधीं तो क्रमांक पाहतो आणि मग अक्षराचा अर्थ लावतो. जेथें प्रकारच निव्वळ मजकूर आहे, तेथें तो अर्थ न लावतां मजकूर तसाच पुढें करतो. कारण 'एन' हें अक्षर नकाराचें असेल, तसेंच उत्तर दिशेचेंहि असेल. तो निर्णय कोष्टक आंखणारानेंच आधीं करून ठेवावयाचा असतो. तो त्यानें केला नाहीं, तर दुभाष्या कितीहि शहाणा असला तरी त्याच्या पदरीं अंदाजच येतो.