अमेरिकन टेनिस असोसिएशन

अमेरिकन टेनिस असोसिएशन (एटीए) ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, मुख्यतः कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी स्थापन झालेली ना-नफा तत्त्वावरील टेनिस संघटना आहे. तिची स्थापना ३० नोव्हेंबर १९१६ रोजी वॉशिंग्टन डी.सी. येथे झाली. संघटनेचा कारभार प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालत आला आहे.

== स्थापना ==
त्या काळी अमेरिकेतील टेनिसची राष्ट्रीय संघटना कृष्णवर्णीयांना आपल्या स्पर्धांत प्रवेश देत नसे. त्यामुळे वॉशिंग्टन व बाल्टिमोर येथील क्लबांच्या पुढाकाराने ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा ऑगस्ट १९१७ मध्ये बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमध्ये झाली. तीत पुरुष एकेरीत टॅली होम्स आणि महिला एकेरीत ल्युसी डिग्ज स्लो विजयी झाले. स्लो या पुढे हॉवर्ड विद्यापीठात महिला विद्यार्थ्यांच्या अधिष्ठाता झाल्या.

पुढील काळात स्पर्धा बहुधा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत भरू लागल्या. यामागे व्यावहारिक अडचण होती: अनेक हॉटेले कृष्णवर्णीयांना खोली देत नसत, तर महाविद्यालयांत मैदाने, वसतिगृहे आणि भोजनगृहे एकत्रच मिळत. परिणामी या स्पर्धांना वार्षिक मेळाव्याचे स्वरूप आले.

== खेळाडूंची जडणघडण ==
आल्थिया गिब्सन आणि आर्थर ॲश यांची कथा बहुधा एकाकी पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. ते अपुरे आहे. गिब्सन न्यू यॉर्कमधील हार्लेमच्या रस्त्यावर पॅडल टेनिस खेळत असे. तेथील कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबच्या सभासदत्वासाठी शेजाऱ्यांनी वर्गणी गोळा केली. १९४६ च्या एटीए स्पर्धेत ती अंतिम सामना हरली, परंतु ह्युबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन डॉक्टरांनी तिचा खेळ हेरला. शाळेच्या दिवसांत ती ईटन यांच्या विल्मिंग्टन येथील घरी, तर उन्हाळ्यात लिंचबर्ग येथे जॉन्सन यांच्याकडे राहून शिकली. १९४७ पासून तिने एटीएची महिला एकेरी सलग दहा वेळा जिंकली. १९५० मध्ये माजी विजेती ॲलिस मार्बल हिने एका टेनिस मासिकात वर्णभेदावर उघड टीका केली आणि त्याच वर्षी गिब्सनला फॉरेस्ट हिल्स येथील राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. १९५७ व १९५८ मध्ये ती विंबल्डन विजेती ठरली.

जॉन्सन यांच्या घरच्या कोर्टावर मुलांसाठी उन्हाळी प्रशिक्षण चाले. शिस्त कडक असे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेबाहेर थोडक्यात पडला तरी तो आत धरावा, असा तेथील दंडक होता. कृष्णवर्णीय मुलांवर खोटेपणाचा आळ घेण्यास कोणालाही निमित्त मिळू नये, हा त्यामागील हेतू. ॲश याच शिस्तीत घडला. त्याने १९६८ मध्ये अमेरिकन ओपन आणि १९७५ मध्ये विंबल्डन जिंकले.

== ओरा वॉशिंग्टन ==
ज्यांच्यासाठी दार वेळेत उघडले नाही, त्यांत ओरा वॉशिंग्टन हे नाव ठळक आहे. तिने १९२९ ते १९३५ सलग सात वेळा व पुन्हा १९३७ मध्ये एटीएचे एकेरी विजेतेपद पटकावले. त्या काळातील श्वेतवर्णीय विजेत्या हेलन विल्स मूडी हिच्याशी तिचा सामना मात्र कधीच झाला नाही. बास्केटबॉलमध्येही नाव कमावलेल्या ओराने फिलाडेल्फियात घरकाम करून चरितार्थ चालवला. १९७१ मध्ये तिचे निधन झाले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश २०१८ मध्ये झाला.