मुक्तेसरच्या धारेवर

काठगोदामला गाडी थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. वर्ष १८९७, मे महिना. तेरा वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, रेल्वे इथवर पोचली आणि डोंगराच्या पायथ्याशी थबकली. तुम्ही गाठोडं खांद्याला लावून उतरता. कपड्यांना कोळशाच्या धुराचा वास आहे. मागे पुण्यात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, माणसं दगावताहेत, गोरे सोजीर घरात घुसून माजघर, देवघर धुंडाळताहेत. वाटेतल्या स्टेशनांवर डॉक्टरांनी तुमची काख आणि जांघही चाचपून पाहिली. एवढं सोसून तुम्ही इतक्या लांब आलात, ते पुण्यातूनच निघालेल्या एका संस्थेचा माग काढत.

ती संस्था म्हणजे इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी. डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या इमारतीत ती सुरू झाली आणि डॉ. अल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे सोपवली गेली. काम जनावरांच्या साथींचं, आणि त्यातही पहिली वैरीण बुळकांडी. गोठ्यात ती शिरली की आधी बैलाला फणफणून ताप येतो, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळतं, तोंड आतून सोलवटतं, चारा सुटतो. मग हगवण लागते आणि आठ-दहा दिवसांत धडधाकट जनावर आडवं होतं. ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली की शेत पडीक, आणि शेत पडीक म्हणजे सावकाराचं दार. असल्या रोगाचा अभ्यास भरवस्तीत करणं धोक्याचं. प्रयोगशाळेतून तो निसटला तर आसपासचे गोठे रिकामे होणार. शिवाय मैदानातला उकाडा लशी आणि रक्तद्रव टिकू देत नाही. म्हणून थंड, उंच, वस्तीपासून तुटलेली जागा शोधण्यात आली आणि १८९३ मध्ये सगळं बिऱ्हाड कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेसरला हललं.

काठगोदामच्या बाजारात एक घोडेवाला भेटतो. तुम्ही त्याला ‘दाज्यू’ म्हणता. इथे थोरल्या भावाला असंच हाक मारतात. तो तुम्हाला ‘बाबूजी’ म्हणतो आणि तुमचं गाठोडं घोड्यावर बांधतो. भीमतालचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत-लपत राहतं, मग चढण लागते. खालची सालाची झाडं मागे पडतात, चीड येतात. वाळलेल्या पिरूळावरून, म्हणजे चिडाच्या सुयांसारख्या पानांवरून, पाय घसरतो. आणखी वर बांजची, म्हणजे ओकच्या झाडांची, दाट सावली सुरू होते आणि हवा एकदम गार लागते. बांजच्या मुळाशी पाणी धरून ठेवलेलं असतं, झरे त्याच्याच आसऱ्याला. एका वळणावर दाज्यू ओंजळभर काफळं तुमच्या हातात ठेवतो. लालसर, खरखरीत, आंबटगोड, आत मोठी बी.

वाटेत कुणा साहेबाचा दौरा समोरून येतो. पुढे गड्यांच्या खांद्यावरच्या डांडीत साहेब, मागे तंबू, पेटारे, खुर्च्या, कोंबड्यांचे डालगे वाहणारे गावकरी. त्यांच्यात एक म्हातारा आहे, एक मिसरूडही न फुटलेला पोरगा आहे. दाज्यू घोडा कडेला घेतो आणि मान खाली घालतो. ही कुली-बेगार. गावागावात नोंदवह्या ठेवलेल्या आहेत, पाळी आली की शेतातलं काम टाकून सरकारी ओझं वाहायचं. १९२१ च्या उत्तरायणीला, म्हणजे संक्रांतीला, बागेश्वरच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या पुढारीपणाखाली लोक या वह्या सरयूत फेकून देतील आणि ही प्रथा कायमची मोडेल. त्या दिवसाला अजून चोवीस वर्षं आहेत. तोवर पोरगा ओझं सावरत खाली उतरत राहतो.

रामगढला रात्रीचा मुक्काम. डाकबंगला साहेबलोकांसाठी, तुम्ही दुकानाच्या ओसरीवर. चुलीपाशी बसल्यावर ताटात मडुव्याची रोटी येते, आणि पहिल्या घासाला तुम्ही ओळखता की ही नाचणीच. शेजारी गहत, म्हणजे आपले कुळीथ, आणि भांगेच्या बियांची लिंबू पिळलेली चटणी. दुकानदार सांगतो, खाली तराईत पोकनी आलीय. बुळकांडीला इकडे पोकनी म्हणतात. इथली माणसं थंडीत गुरं घेऊन पायथ्याच्या भाबरात उतरतात आणि उन्हाळ्यात परत चढतात, गुरांबरोबर रोगही चढतो. “बाबूजी, आमच्या पहाडी गाईला तो लागला की वाचत नाही,” तो म्हणतो. त्याचं म्हणणं खरं आहे. कुमाऊंची डोंगरी गुरं या रोगाला चटकन बळी पडतात, आणि म्हणूनच मुक्तेसरच्या प्रयोगांत पुढची कित्येक वर्षं तीच वापरली जाणार आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराची धार येते. उंची सुमारे २३०० मीटर. टोकावर शंकराचं देऊळ आहे, त्याच्या मागे चौली की जाली नावाचे सुळके दरीवर झुकलेले आहेत. शिवरात्रीला मुलाची आस धरून बायका तिथल्या खडकाच्या भोकातून पलीकडे जातात. बर्फाची शिखरं मात्र दिसत नाहीत, मे महिन्याच्या धुळकट धुक्याने उत्तर झाकून टाकली आहे. तुम्हाला खाली उतारावरच्या दगडी इमारती दिसतात, आणि एकमेकांपासून मुद्दाम लांब ठेवलेले गोठे. भोवती हजारो एकरांचं राखीव जंगल. या जागेची शांतता ठरवून राखलेली आहे. रोग बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं जनावर आत येऊ नये, यासाठी घातलेलं ते कुंपण आहे.

या वर्षी इथे एक मोठा पाहुणा येऊन जातो. रॉबर्ट कॉख, वय त्रेपन्न, क्षयाचा जंतू १८८२ मध्ये जगाला दाखवणारे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला ते बुळकांडीवरच काम करत होते, तिथली गुरं साथीने झपाट्याने संपत होती. तिथून जर्मन प्लेग आयोगासाठी ते मुंबईला आले, आणि तिथून गाफ्की आणि फायफर या सहकाऱ्यांसह इथवर चढले. माणसांच्या साथीने त्यांना मुंबईत आणलं आणि गुरांच्या साथीने मुक्तेसरला. ज्या प्लेगने तुमच्या काखेत हात घातला, त्याच्याच पाठीवर त्यांचाही प्रवास झाला आहे.

आत जा. लाकडी टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक आहे, खिडकीतला उजेड पकडायला खालचा आरसा तिरपा केलेला. काचपट्टीवर आजारी बैलाच्या रक्ताचा थेंब पसरून रंगवलेला आहे. डोळा लावा. रक्ताच्या गोल पेशी दिसतात, इकडेतिकडे काही ठिपके दिसतात, पण बुळकांडीचा गुन्हेगार दिसत नाही. तो दिसणारही नाही. बुळकांडी विषाणूमुळे होते आणि विषाणू या भिंगांच्या आवाक्याबाहेरचा. जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही तो निसटून जातो, हे १९०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सिद्ध होईल. आज इथे काम करणारे लोक एका अदृश्य शत्रूशी लढताहेत आणि त्यांच्या हाती फक्त एवढं आहे: जे जनावर आजारातून तगलं, त्याच्या रक्तात काहीतरी वाचवणारं असतं. कॉख यांनी आफ्रिकेत मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचून पाहिलं होतं. मुक्तेसरला तगलेल्या जनावरांच्या रक्तद्रवाचा रस्ता पक्का होतो आणि शतक सरता सरता इथून तो बाटल्यांत भरून खाली जाऊ लागतो, घोड्यावरून, मग रेल्वेने, पार दूरच्या प्रांतांपर्यंत.

आता त्याच पायवाटेवरून पुढे चला. वर्ष बदललं आहे, १९१०. वाट तीच, पण सूर्य कलल्यावर तिच्यावर कुणी नाही. दारं लवकर लागतात. एका वाघिणीने या परिसरात चोवीस माणसं मारली आहेत. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला, पायात काटे रुतून कुजले, हरणामागे धावणं जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली. नैनितालहून चालत आलेला जिम कॉर्बेट नावाचा पस्तिशीचा रेल्वे नोकर तिला अखेर मारतो. गोठ्यांकडे जाणारे नोकर पुन्हा पहाटे एकट्याने बाहेर पडू लागतात. जंगल राखायचं म्हणजे त्यातल्या रहिवाशांसह राखायचं, ही किंमत या धारेने मोजली आहे.

आणखी पुढे. १९२० चं दशक, नोव्हेंबरची सकाळ. हवा पुसून काढलेली आहे. उत्तरेला सगळी रांग उघडी: त्रिशूळ ७१२० मीटर, त्याच्या उजवीकडे मागे सरून उभी नंदादेवी ७८१६ मीटर, मग नंदाकोट, आणि पूर्वेला पंचाचूली. पहिलं ऊन नंदादेवीला लागतं, मग हळूहळू खालच्या शिखरांवर उतरतं. मन भरेपर्यंत बघा. मग शेळ्यांचा आवाज येतोय तिकडे वळा.

इथे संचालक जे. टी. एडवर्ड्स एक चिवट प्रयोग करताहेत. बुळकांडीचा विषाणू ते शेळीला टोचतात, तिच्याकडून दुसऱ्या शेळीला, दुसरीकडून तिसरीला, आणि असं पुन्हा पुन्हा. शेळीच्या अंगात रुळता रुळता विषाणूचा बैलावरचा जोर ओसरतो. हा नरमलेला विषाणू बैलाला दिला की त्याला थोडाफार ताप येतो, पण तो मरत नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं रोगाला दाद देत नाही. रक्तद्रवाचा आधार थोड्या दिवसांपुरता, शिवाय तो महागही. शेळीच्या प्लीहेपासून बनवलेली ही लस मात्र स्वस्तात, भरपूर आणि टिकाऊ स्वरूपात करता येते. गावोगाव टोचण्यासारखं हत्यार हाती येतं ते असं. या हत्यारासाठी गोठ्यांत किती बैल आणि किती शेळ्या गेल्या, त्याचा विचार इथे उभं राहून करायला हवा. शिखरांच्या ओळीइतकंच हे हत्यार या जागेचं वैभव आहे, आणि त्यात दुःखही आहे.

मग वर्षं भराभर सरतात. देश स्वतंत्र होतो आणि १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होतो. लस टोचणारे पशुवैद्य आणि त्यांचे मदतनीस बर्फाच्या थर्मासमध्ये लस घेऊन सायकलने, बैलगाडीने, पायी वाड्यावस्त्या पिंजतात. शेतकरी आधी बिचकतो, मग शेजाऱ्याचा टोचलेला बैल वाचलेला पाहून आपला बैल पुढे करतो. १९९५ मध्ये भारतात शेवटची साथ नोंदली जाते. २००६ मध्ये देश या संसर्गातून मुक्त ठरतो. २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर होतं. माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग, १९८० मध्ये गेल्याचं जाहीर झालेल्या देवीनंतरचा.

आता आजचं मुक्तेश्वर. हल्द्वानीहून टॅक्सी काही तासांत वर येते. रामगढच्या बाजूला आडू म्हणजे पीच, खुमानी म्हणजे जर्दाळू, आणि सफरचंदाच्या बागा आहेत, आणि कित्येक बागांच्या जागी दरीकडे तोंड केलेली कॉटेजेस. बांज तोडून जिथे बांधकाम झालं, तिथे झरे आटताहेत आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर चढताना दिसतात. देवळाच्या पायऱ्यांवर सेल्फीची रांग असते. पण धारेवरचं राखीव जंगल अजून उभं आहे. आत देवदार आणि बांजच्या सावलीत चालताना हवा तशीच गार लागते, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी ते एका कामासाठी राखलं गेलं आणि काम चालू राहिलं म्हणून जंगलही राहिलं. पुण्यातून निघालेल्या प्रयोगशाळेला आज भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था म्हणतात. मुख्यालय खाली बरेलीजवळ इज्जतनगरला आहे, मुक्तेश्वर तिचं डोंगरावरचं केंद्र.

तुम्ही इथे याल तेव्हा सूर्योदय जरूर पाहा. मग त्या दगडी इमारतींच्या बाजूने एक फेरी मारा. महाराष्ट्रात आज पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्या तरुण शेतकऱ्याला बुळकांडी म्हणजे काय हे सांगावं लागतं. त्याच्या पणजोबाला ते सांगावं लागलं नसतं, त्याच्या डोळ्यांदेखत गोठा ओस पडला असेल. दोघांच्या आयुष्यांमधल्या या फरकाचा मोठा वाटा या धारेवर घडला आहे.

आणि काम संपलेलं नाही. शेळ्यामेंढ्यांना होणारा पीपीआर हा बुळकांडीच्याच कुळातला रोग. तसाच ताप, तसंच नाकातोंडातून गळणं, तशीच हगवण, आणि धनगराच्या वाड्यातला अर्धा कळप काही दिवसांत गारद. त्यावरची देशी लस याच मुक्तेश्वर केंद्रात तयार झाली आहे. जिच्या अंगातून बैलांची लस निघाली, त्या शेळीचं ऋण फेडण्याची ही संधी आहे. २०३० पर्यंत पीपीआरही जगातून घालवायचा, असं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट ठरलं आहे. मुक्तेसरला पहिली प्रयोगशाळा उभी राहिल्यापासून बुळकांडी जायला एकशे अठरा वर्षं लागली. शेळीवर जगणाऱ्या घरांना तेवढी वाट पाहायला लावणं आता आपल्याला शोभणार नाही. लस आहे, रस्ते आहेत, टोचणारी माणसं आहेत. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला पुरेसा पैसा आणि पुरेशी माणसं मिळावीत, एवढा आग्रह आपण धरू शकतो.