शजरा जुळवताना

आमच्याकडे वंशावळीला शजरा म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थच झाड. जीवशास्त्रज्ञही जीवांची नाती झाडासारखी मांडतात, पण तिथे झाडांचीच गर्दी फार. अवघ्या दहा जीवांचे वंशवृक्ष ३,४४,५९,४२५ प्रकारे काढता येतात!

संगणकासाठी हे झाड कंसांत लिहितात. ही पद्धत १९८६ साली अमेरिकेतल्या न्यूइक्स नावाच्या खानावळीत पक्की झाली आणि तिला नावही खानावळीचेच मिळाले. मला हे फार आवडते. पण ((माणूस, चिंपांझी), गोरिला) आणि (गोरिला, (चिंपांझी, माणूस)) यांत लिहिणे निराळे, झाड मात्र एकच. मग हजारोंच्या ढिगातून जुळी हुडकायची कशी? रॉबिन्सन आणि फोल्ड्स यांनी १९८१ मध्येच वाट दाखवली होती. तिचा मथितार्थ असा, की एकेक फांदी छाटायची आणि तिच्याबरोबर कोण कोण खाली येते ते टिपायचे. दोन याद्या तंतोतंत जुळल्या की झाड तेच. आज काही ओळींचा प्रोग्राम हे काम क्षणात करतो.

हा नुसता खेळ नव्हे. १९८७ मध्ये कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी १४७ जणांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून सगळ्या माणसांची आदिमाता आफ्रिकेत दाखवली. वर्तमानपत्रांनी तिला ‘ईव्ह’ म्हटले. आमच्या घरी ती हव्वा. तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा अधिक आटोपशीर अशी कितीतरी झाडे निघाली, काहींचे मूळ आफ्रिकेबाहेर! अशा वेळी जुळी बाजूला काढून, खरोखर वेगळी किती आणि त्यांचे एकमत कशावर, हेच पाहावे लागते. पुढे २००० साली ५३ जणांचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला गेला. सर्वांत खोल तीन फांद्या निव्वळ आफ्रिकी निघाल्या.