जुनी गाळणी आणि कांचेंतला समुद्र

जुनें तें सोनें ही म्हण भांड्याकुंड्यांच्या बाबतींत पुष्कळ अंशीं खरी ठरते. तांब्याचा जुना हंडा चिंच लावून घांसला कीं तो नव्यासारखा लखलखतो आणि नव्याइतकेंच पाणी धरतो. गाळणीला मात्र ही म्हण जशीच्या तशी लागू करतां येत नाहीं. गाळणीचें काम मळ अडविण्याचें. आणि जो मळ तिनें आजवर अडविला तो तिच्याच पोटांत सांचलेला असतो. ती जितकी अधिक कामास आली तितकी ती अधिक निकामी होत जाते, आणि हा तिचा क्षय बाहेरून डोळ्यांना दिसत नाहीं.

युरोप-अमेरिकेंत घरच्या घरीं कांचेच्या टांकींत खारें पाणी भरून त्यांत जिवंत पोवळीं वाढविण्याचा छंद पुष्कळांना आहे. (भारतांत दगडी पोवळ्यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच मिळालें असल्यामुळें तीं समुद्रांतून काढून घरीं आणतां येत नाहींत.) या छंदाला पाणी अत्यंत शुद्ध करणारें एक यंत्र लागतें. नवें यंत्र महाग पडतें. आणि छंद आंवरता घेतलेल्या एखाद्या गृहस्थाचें वापरलेलें यंत्र थोडक्या पैशांत मिळत असतें. तें घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा दिसतो. पण त्याचें उत्तर मिळवावयाचें तर पावणेदोनशें वर्षांहून अधिक मागें जावें लागतें. कारण कांचेंतल्या समुद्राचा इतिहास हा बव्हंशीं नितळ दिसणाऱ्या पाण्यावर माणसानें ठेवलेल्या विश्वासाचा, आणि त्या विश्वासाच्या भंगाचा इतिहास होय.

सिसिली बेटांतील मेसिना येथें झान व्हिल्प्रो-पॉवर या फ्रेंच विदुषींनीं १८३२ सालीं समुद्रांतील जीवांच्या निरीक्षणासाठीं कांचेच्या टांक्या करविल्या. परंतु मेसिना हें समुद्राकांठचें शहर. पाणी बदलावयाचें तर समुद्र हांकेच्या अंतरावर होता. खरी अडचण समुद्रापासून दूर राहणाराची. १८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाई टॉर्की या किनाऱ्यावरील गांवीं गेल्या असतां तेथील दगडी पोवळीं पाहून त्यांना मोह पडला, व तीं जिवंतच लंडनला न्यावीं असें त्यांनीं ठरविलें. त्यांचें बिऱ्हाड वेस्टमिन्स्टर ॲबेच्या शेजारीं. म्हणजे समुद्र दूर, आणि बरोबर आणलेलें पाणी मोजकें. पोवळीं गुदमरूं नयेत म्हणून त्यांची दासी उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत कितीतरी वेळ ओतीत राही. पाण्यांत हवा मिसळावी हा त्यांतील हेतु. पुढें थिनबाईंनीं त्याच पाण्यांत समुद्रांतील वनस्पति ठेवल्या, आणि दासीचे श्रम वांचले. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनीं गोड्या पाण्याच्या टांकीवर प्रयोग करून यामागील तत्त्व मांडलें. प्राण्याला लागणारा प्राणवायु वनस्पति पुरविते, आणि प्राण्यानें सोडलेला कर्बवायु वनस्पति घेते.

१८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि लंडनकरांना कांचेंतला समुद्र पाहण्याची चटक लागली. या कामीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञांचा मोठा हात होता. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखीं झाला तो मुख्यतः त्यांच्या त्याच नांवाच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळें. परंतु किनाऱ्यावरून पाण्याचीं पिंपें आणविणें खर्चाचें होतें. तेव्हां समुद्रजलाच्या रासायनिक पृथक्करणाचा आधार घेऊन गॉस यांनीं घरीं समुद्र बनविण्याची कृति १८५४ सालीं प्रसिद्ध केली. साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार त्यांनीं घेतले. चुन्याचा अंश शंखशिंपल्यांच्या तुकड्यांतून मिळेल असें धरून तो वगळला. क्षारांचीं वजनें काटेकोर होतीं. पण ज्या गोड्या पाण्यांत ते विरघळवावयाचे त्यांत आधींच काय विरघळलेलें आहे, ही बाजू गौण राहिली.

ही बाजू किती गंभीर आहे हें त्याच वर्षीं त्याच शहरांत निराळ्या प्रसंगानें दिसून आलें. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागांत पटकीची भयंकर सांथ उसळली. डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांच्या घरोघर चौकशी करून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखविलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाची दांडी काढून टाकण्यांत आली. त्या पंपाचें पाणी वरवर स्वच्छ दिसे. त्याची चव चांगली म्हणून लोक मुद्दाम तेथून पाणी नेत. दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक वृद्धा आवडीनें तेथलेंच पाणी मागवून घेई. तीहि त्या सांथींत गेली. तुरटी फिरवून किंवा निवळीचें बीं उगाळून गढूळ पाणी निवळतां येतें. पण जें मुळांत दिसतच नाहीं तें निवळणार कसें? नितळ म्हणजे निर्मळ नव्हे, हा धडा लंडननें फार मोठी किंमत देऊन घेतला.

मत्स्यालयाच्या पाण्याची निगा शास्त्रीय रीतीनें राखण्याचें श्रेय विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांना द्यावें लागेल. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें १८७१ सालीं उघडलेल्या मत्स्यालयांत त्यांनीं दर्शनी टांक्यांहून कितीतरी मोठा हौद जमिनीखालीं अंधारांत बांधविला, आणि वाफेच्या यंत्रानें त्यांतील पाणी अहोरात्र खेळतें ठेवलें. समुद्राचें पाणी वरचेवर टाकून न देतां तेंच पुनः पुनः वापरावयाचें, ही त्यांची योजना. नेपल्स येथें अँटन डोर्न यांनीं १८७४ सालीं उघडलेल्या मत्स्यालयालाहि लॉइड यांच्या सल्ल्याचा लाभ झाला.

मासे या व्यवस्थेंत नांदूं लागले. पोवळीं मात्र सहजासहजीं नांदेनात. त्यांची गुरुकिल्ली जाकार्ता येथील ली चिन एंग यांना सांपडली. समुद्रांतून जिवंत खडक आणि पाणी आणावें, हवेचे थोडे बुडबुडे सोडावे, आणि खडकावरच्या सूक्ष्म जीवांनाच पाण्याची निगा राखूं द्यावी, ही आपली रीत त्यांनीं १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली. पुढें युरोपांत, विशेषतः जर्मनींत, या विद्येची वाढ झाली. आणि १९८६ सालीं जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनें अमेरिकेंतल्या पुष्कळ घरांत पोवळ्यांची हौस पोंचविली. समुद्रापासून शेंकडों मैल दूर राहणाऱ्या माणसाला क्षारांचें तयार मिश्रण बाजारांत मिळूं लागलें होतेंच. उरला तो गॉस यांच्या कृतींत गौण राहिलेला प्रश्न, म्हणजे घरच्या नळाचें पाणी.

कोंकणच्या मिठागरांत जें घडतें तेंच लहान प्रमाणावर अशा टांकींत रोज घडतें. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागें राहतात. खारटपणा वाढूं नये म्हणून रोज गोडें पाणी घालावें लागतें. तें नळाचें असेल तर त्याबरोबर आलेलें फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिका हींहि रोज थोडीं थोडीं भर घालतात. एका पेल्यांत जो अंश नगण्य, तोच वर्षभर सांचला म्हणजे शेवाळ माजतें आणि पोवळ्यांवर पसरून त्यांचा उजेड अडवितें. नळांतून उतरलेला तांब्याचा अंश तर पाठीचा कणा नसलेल्या बहुतेक समुद्रजीवांना विषासमान. पाणी जंतुरहित राहावें म्हणून नगरपालिका जें क्लोरीन किंवा क्लोरामाइन घालते तेंहि त्यांना सोसत नाहीं. माणसाला जें पाणी निर्धोक, तेंच पोवळ्याला घातक ठरतें, तें असें. म्हणून समुद्र बनविण्याआधीं गोडें पाणी जवळजवळ रितें करावें लागतें.

हें रितें करणारें यंत्र तीन निरनिराळ्या शोधांच्या संगमांतून जन्मास आलें. मनुका पाण्यांत भिजत घातल्या म्हणजे टपोऱ्या होतात. सालीच्या आड असलेल्या साखरेकडे पाणी ओढलें जातें. १७४८ सालीं आबे नोले या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं मद्यार्कानें भरलेल्या भांड्याचें तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्यानें बांधून तें पाण्यांत ठेवलें, तेव्हां पाणी आंत शिरून कातडें फुगून आलें. यालाच परासरण म्हणतात. उलट बाजूनें पुरेसा दाब दिला तर क्षार मागें ठेवून पाणी परत फिरतें. पण त्याला बळकट आणि तरीहि पाण्याला वाट देणारा पडदा हवा होता. तो लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब आणि भारतांत जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनीं १९६० च्या सुमारास तयार केला. कॅलिफोर्नियांतील कोलिंगा या गांवीं पिण्याचें पाणी पूर्वीं आगगाडीनें आणावें लागे. तेथें १९६५ सालीं या पडद्यानें भूमीखालचें मचूळ पाणी गोड होऊं लागलें. पुढें जॉन कॅडॉट यांनीं अधिक कार्यक्षम असा पातळ थराचा पडदा बनविला. आज महाराष्ट्रांतल्या कितीएक स्वयंपाकघरांत जें ‘आर. ओ.’ यंत्र टांगलेलें असतें, तें याच कुळांतलें.

दुसरा शोध राळेचा. ॲडम्स आणि होम्स या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९३५ सालीं क्षारांचे कण पकडून ठेवणारी कृत्रिम राळ बनविली. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकडीचा चुरा पाहून त्यांना ही कल्पना सुचली अशी आख्यायिका सांगितली जाते. तिसरें साधन सर्वांत जुनें, तें म्हणजे कोळसा. यंत्रांत पाणी प्रथम गाळ अडविणाऱ्या सुताच्या गुंडाळींतून, मग कोळशांतून, मग पडद्यांतून आणि शेवटीं राळेंतून जातें. हा क्रम अर्थपूर्ण आहे. कॅडॉट यांचा पडदा क्लोरीननें झिजतो; म्हणून कोळसा त्याच्या पुढें पहाऱ्यास उभा. क्लोरामाइन कोळशांत फुटलें म्हणजे त्यांतून निघणारा अमोनिया पडद्यांतून निसटूं शकतो. म्हणून राळ मागें पहाऱ्यास उभी.

आतां वापरलेल्या यंत्राकडे पाहिलें म्हणजे त्याचे दोन भाग आपोआप वेगळे पडतात. नळकांडीं, त्यांचीं झांकणें, जोडनळ्या, दाबमापक आणि भिंतीला लावण्याची चौकट हा झाला देह. तो दीर्घायुषी असतो. नळकांड्याला केंसाएवढी तडा गेलेली नाहीं ना, आणि झांकणाखालचें रबरी कडें ताठरलें नाहीं ना, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. नळकांडीं प्रचलित दहा इंची मापाचीं असलीं तर त्यांत कोणत्याहि कारखान्याच्या गुंडाळ्या बसतात. सूत, कोळसा, पडदा आणि राळ हा दुसरा भाग अल्पायुषी. कोळसा आणि राळ यांचें सामर्थ्य आधींच्या मालकाच्या पाण्यानें किती खाल्लें याचा हिशेब कोणाजवळ नसतो. ओला पडदा अडगळींत पडून राहिला तर त्यावर जंतूंची वस्ती होते; कोरडा पडला तर त्याचें पाणी देण्याचें सामर्थ्य घटतें. विहिरीच्या लोहयुक्त पाण्यावर चाललेला पडदा तर लवकरच बुजतो.

विकणारा ‘पाणी अगदीं स्वच्छ येतें’ म्हणून पेला भरून दाखवितो, तेव्हां ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची आठवण ठेवावी. कसोटी डोळ्यांची नव्हे, आंकड्यांची. पाण्यांतील क्षार दाखविणारें छोटें मापक आधीं नळाच्या पाण्यांत धरावें. तेथें ३०० दिसलें आणि पडद्यानंतर ६ दिसलें, तर पडद्यानें शंभरांतले ९८ भाग अडविले. ६० दिसलें, तर ८० च अडविले, आणि असा पडदा या कामास संपला. मात्र हें माप पडदा आणि राळ यांच्या मध्यें घ्यावें. राळेनंतर घेतलें तर ताजी राळ पडद्याचें सारें अपयश झांकून शून्य दाखविते, आणि घेणाऱ्याला तीच राळ थोड्या दिवसांत बदलावी लागते. शून्य हाहि शब्दप्रामाण्यानें मानण्याजोगा आंकडा नव्हे. हें मापक विजेच्या वहनावरून क्षार ओळखतें, आणि सिलिका तिला फारशी वाट देत नसल्यामुळें मापकाच्या नजरेंतून सुटूं शकते. पाणी सावकाश येतें म्हणूनहि पडद्याला एकदम दोष देऊं नये. थंड पाणी आणि कमी दाब यांनीं चांगला पडदाहि मंदावतो. आणखी एक हिशेब आहे. शुद्ध पाण्याच्या एका भागामागें तीन-चार भाग पाणी वाहून जातें. हा निचरा आवळणारी बारीक नळी पडद्याच्या मापाची नसेल, तर पाणी तरी अधिक वायां जातें किंवा पडदा तरी लवकर बुजतो.

तेव्हां किंमत ठरवितांना देहाचे पैसे द्यावे, सामर्थ्याचे देऊं नयेत. नवा पडदा, नवा कोळसा, नवें सूत आणि नवी राळ यांची किंमत मांडून ती जुन्या यंत्राच्या किंमतींत मिळवावी. बेरीज नव्या यंत्राच्या जवळ जात असेल तर तो सौदा स्वस्त नव्हे. ती बरीच खालीं राहत असेल, तर जुनें यंत्र आनंदानें घ्यावें. त्यांत कमीपणा तर नाहींच, उलट टिकाऊ वस्तु उकिरड्यावर जाण्यापासून वांचते.

ही सावधगिरी अतिरेकी वाटूं नये. दगडी पोवळ्यांपैकीं कित्येक वर्षाला बोटाच्या पेराइतकेहि वाढत नाहींत. आणि त्यांना बोलतां येत नाहीं. पाणी बिघडलें हें तीं रंग फिका करून सांगतात, पण तोंवर पुष्कळदां उशीर झालेला असतो. थिनबाईंची दासी खिडकीपाशीं उभी राहून पाणी ओतीत असे, तेव्हां तिचे हात तर कामांत असतच, पण डोळेहि त्या भांड्यावर असत. यंत्रानें माणसाचे हात मोकळे केले. लक्ष ठेवण्याचें काम मात्र यंत्र नवें असो वा जुनें, ज्याच्या घरीं पोवळें आहे त्याच्याकडेच राहिलें आहे.