दानाची कसोटी : हजेरीपट



मुंबईच्या दातृत्वाची कथा बहुधा कोनशिलांवरून सांगितली जाते. इमारतींवरील नांवें वाचावीं, रकमांचे आंकडे ऐकावे आणि मान डोलवावी, असा प्रघात आहे. शाळामास्तराची दृष्टि थोडी निराळी असते. शाळा कोणीं बांधली याइतकेंच, तिच्या हजेरीपटावर कोणाचीं नांवें आहेत हें तो पाहतो. त्याच दृष्टीनें या शहरांतील कांहीं देणग्यांचा विचार आज करावयाचा आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १७८३ सालचा. पोरवयांतच आईबाप गेले, शिक्षण बेताचेंच. पुढें चीनशीं केलेल्या कापसाच्या व अफूच्या व्यापारांत त्यांनीं अपार संपत्ति मिळविली. त्या अफूनें चिनी प्रजेचें काय झालें हें इतिहास विसरत नाहीं. आणि त्याच पैशांतून मुंबईंत १८४५ सालीं रुग्णालय उभें राहिलें, हेंहि त्यास नाकारतां येत नाहीं. दोन्ही रकमा एकाच खातेवहींत शेजारीं शेजारीं मांडल्या पाहिजेत.

१८५१ सालीं लंडनला जागतिक प्रदर्शन भरलें, तेव्हां हिंदी कारागिरांच्या हातची नक्षी पाहून तिकडील पारखी थक्क झाले. इकडे मात्र यंत्राच्या मालामुळें त्याच कारागिराच्या पोटावर पाय येत होता. १८५३ सालीं जमशेटजींनीं कला व उद्योग शिकविणाऱ्या शाळेसाठीं एक लाख रुपये देऊं केले. १८५७ च्या मार्चमध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेंत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. तेंच आपलें जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग तेथें शिल्पाचे शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरील उठावाचीं चित्रें त्यांच्याच योजनेंतलीं.

शाळा नांवारूपास आली; परंतु तींत चित्रकलेचें माहात्म्य वाढत गेलें आणि सुताराचा रंधा, तांबटाची हातोडी मागें पडली. अखेर १८९१ सालीं लॉर्ड रे यांच्या नांवानें तेथें उद्योगशाळा जोडण्यांत आल्या. गालिचे विणणें, धातुकाम, लांकडावरील कोरीव काम यांस पुन्हां स्थान मिळालें. म्हणजे दात्याचा मूळ हेतु चौतीस वर्षांनीं शोधून आणावा लागला!

दरम्यान शहराचें पोट कापडगिरण्यांवर चालूं लागलें होतें. १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनीं भायखळ्याची आपली वास्तु तिला दिली. गिरण्यांना कुशल माणसें हवीं होतीं. तेव्हां या दानांत व्यवहारहि होता, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. १९२३ सालीं ही संस्था माटुंग्यास गेली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंचें नांव धारण करते.

पण दिवसभर साच्यावर उभा राहणारा मजूर या वर्गांत केव्हां बसणार? त्याच्यासाठीं ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें रात्रीच्या शाळा चालविल्या, वाचनालयें उघडलीं. पुढें १९३६ सालीं सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशानें नागपाड्यास समाजकार्याची शिक्षणशाळा निघाली. सेवा करण्याचें काम नुसत्या कळवळ्यानें भागत नाहीं, तेंहि शिकावें लागतें, ही जाणीव तेथें प्रथमच संस्थारूपास आली.

या सर्व कथेंतून एवढेंच दिसतें कीं, दान एकदां देऊन संपत नाहीं. दाता रक्कम देतो, पण ती कोणाच्या हातीं पोंचते हें पाहण्याचें काम पुढच्या प्रत्येक पिढीकडे येतें. शहर बदलतें, धंदे बदलतात, आणि ज्याच्यासाठीं शाळा काढली तोच गरजू नकळत दाराबाहेर राहतो. म्हणून आपण एखाद्या संस्थेस देणगी द्याल, किंवा तिच्या मंडळावर बसाल, तेव्हां इमारतीचा नकाशा अवश्य पाहा. परंतु त्याआधीं हजेरीपट मागून घ्या.