काडीवरचा केक: बांधणी, कवच आणि कुम्हारीचा फेब्रुवारी

केक पॉप हाती आला की डोळा आधी सजावटीवर जातो: गुलाबी कवच, त्यावर पांढऱ्या रेघा, वर भुरभुरलेले साखरेचे रंगीत दाणे. पण तो काडीवर टिकेल की गळून पडेल हे सजावटीच्या बरेच आधी, केकचा चुरा बटरक्रीममध्ये मिसळून वळतानाच ठरलेले असते. म्हणून विवेचन आतून बाहेर नेऊ: आधी गाभा, मग काडी, मग कवच. आणि हे तिन्ही ज्या हवेत उभे राहायचे, ती हवा सतत समोर ठेवू.

हवा घेतली आहे कुम्हारीची. रायपूर आणि भिलाई यांच्या मधले, दुर्ग जिल्ह्यातले हे महामार्गावरचे गाव. व्हॅलेंटाइनचा आठवडा ७ फेब्रुवारीच्या रोझ डेने सुरू होतो, ९ला चॉकलेट डे येतो आणि १४ला मुख्य दिवस. त्या सुमारास इथे पहाटे स्वेटर लागतो, दुपारी पारा तिशीपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. परदेशी कृतींमध्ये ही हवा गृहीत धरलेली नसते.

रचनेच्या दृष्टीने केक पॉप हा लाडू आहे, आणि लाडू बांधण्याचे दोन मार्ग कुम्हारीच्या परिसरात शेजारी शेजारी नांदतात. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडवर आली, पुढे १९५६पर्यंत या भागाच्या प्रांताची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे रायपूर-दुर्गकडच्या मराठी घरांत बेसनाचा लाडू मुरलेला आहे. त्यात तूप थंड होऊन गोठते आणि पिठाचे कण धरून ठेवते. छत्तीसगडी घरांतला करी लाडू वेगळ्या मार्गाने बांधला जातो: बेसनाची जाड शेव मोडायची आणि गुळाच्या पाकात वळायची. तिथे स्निग्धांश काही धरत नाही, घट्ट झालेला पाक धरतो. पाकाचा लाडू उन्हाळ्यातही आकार सोडत नाही, तुपाचा मात्र मऊ पडतो. केक पॉप तुपाच्या लाडवाच्या जातीचा आहे. चुऱ्यातला ओलावा कणांना जवळ आणतो, बटरक्रीममधले लोणी गोठून त्यांना पकडते.

म्हणून बटरक्रीमचे प्रमाण हा कळीचा मुद्दा. अमेरिकेत ‘बेकरेला’ नावाने लिहिणाऱ्या अँजी डडली यांनी २००८मध्ये हा प्रकार लोकप्रिय केला. त्या घरगुती पद्धतीत तयार मिश्रणाच्या एका केकला फ्रॉस्टिंगचा पाऊण किंवा अख्खा डबा जातो. तेवढे फ्रॉस्टिंग थंड खोलीत चालून जाते. तिशीच्या दुपारी त्याच गोळ्यातले लोणी वितळायला लागते, गोळा काडीवरून खाली सरकतो. माझ्या मते इथे ५०० ग्रॅम चुऱ्याला ७५ ते १०० ग्रॅम बटरक्रीम पुरे, तेही एकदम न घालता. मूठ वळली, आणि वळलेला गोळा मोडताना हाताला तेलकटपणा लागला नाही, की थांबावे. व्हिप्ड क्रीम या कामाला घेऊच नये. त्यात पाणी फार, चुऱ्याचा लगदा होतो.

केक बिनअंड्याचा घेतल्यास प्रमाण आणखी उतरते, कारण कंडेन्स्ड मिल्क आणि दह्यावर केलेला केक मुळातच ओलसर असतो. बिनअंड्याचा केक निवडायला इथे एक सामाजिक कारणही आहे. छत्तीसगडच्या शाळांमध्ये १४ फेब्रुवारी मातृ-पितृ पूजन दिवस म्हणूनही साजरा होतो. त्या तारखेचा खाऊ प्रेयसीइतकाच आईच्या हाती जाऊ शकतो, आणि तो घरातल्या सगळ्यांना चालला पाहिजे.

गोळा साधारण २५ ग्रॅमचा, साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा असावा. याहून मोठा केला तर काडीला भार पेलवत नाही. काडीचे टोक वितळलेल्या कवचात बुडवून गोळ्याच्या मध्याच्या किंचित पुढे खुपसायचे आणि तो सांधा गोठू द्यायचा. नंतर अर्धा तास फ्रिज. फ्रीजर टाळावा, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. अतिथंड गोळ्यावर कवच क्षणात गोठते आणि आकसते. आतला गोळा मात्र हळूहळू तापत फुगत राहतो. आकसलेल्या कवचावर आतून ताण येतो आणि तडा जातो. कवचाला सुईएवढे जरी भोक राहिले, तरी त्यातून तेलाचा थेंब बाहेर येतो. सजावट बिघडवणाऱ्या या दोन्ही दोषांचे मूळ एकच.

आता कवच. खऱ्या चॉकलेटमधले कोकोचे लोणी सहा स्फटिकरूपांत गोठू शकते. हवे ते पाचवे: चकचकीत, कटकन मोडणारे, सुमारे ३४ अंशांना वितळणारे. ते मिळवायला टेंपरिंग लागते. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचे, २७च्या आसपास आणायचे, पुन्हा ३१-३२वर चढवायचे. कुम्हारीत हे सकाळी जमते. दुपारी खोलीचेच तापमान तिशीला असल्यावर चॉकलेट गोठायला वाव उरत नाही. दुसरा पर्याय कंपाउंड चॉकलेटचा: त्यात कोकोच्या लोण्याऐवजी बहुधा पामबीजाचे घट्ट केलेले तेल असते. त्याला टेंपरिंग लागत नाही, नुसते वितळवून बुडवता येते. चव उणी आहे, हे मी मान्य करतो. तरीही १४ तारखेच्या मोठ्या ऑर्डरला कंपाउंडच घ्यावे. चव सुधारण्यासाठी दोन्ही अर्धे-अर्धे मिसळण्याचा मोह होतो, तो घातक आहे. हे दोन स्निग्ध पदार्थ एकमेकांत मिसळले की मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला मऊ पडते आणि काही दिवसांत त्यावर पांढुरकी झाक येते. पातळ करायला चमचाभर खोबरेल चालते. पाण्याचे मात्र चार थेंबही नकोत, कारण साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळे भांडे घट्ट होते. म्हणूनच रंगही तेलात विरघळणारे लागतात.

कोरड्या हवेचा लाभ इथे दिसतो. मुंबईत फ्रिजमधून काढलेल्या पॉपवर दव जमते, साखर विरघळते आणि पृष्ठभाग डागाळतो. कुम्हारीत आले तरी ते थोडेच असते आणि लवकर वाळते.

हृदयाचा आकार सर्वांत अवघड. काडी जाते ती खालच्या टोकातून, जिथे गाभा सर्वांत कमी. वरच्या खाचेत कवच साठून जाड होते, कडांवर पातळ राहते. हाताने हृदय वळण्यापेक्षा सिलिकॉनच्या साच्यात आधी कवच ओतावे, ते गोठल्यावर चुरा दाबावा, आइसक्रीमची चपटी काडी घालावी आणि पाठ बंद करावी. उभ्या पॉपसाठी गोलच बरा. त्यावर छोटे लाल हृदय चिकटवता येते.

पोहोचवणे रायपूरकडे असो वा भिलाईकडे, सकाळी दहाच्या आत उरकावे. पॉप थर्माकोलमध्ये उभे खोचून, काडीहून उंच खोक्यात न्यावेत. उन्हात उभ्या गाडीतले तापमान चाळिशी ओलांडते, आणि तिथे कंपाउंडचाही इलाज चालत नाही.